तिसरी उलटी

ज्या कारखान्यात पीळदादाचं आयुष्य गेलं, तिथे ‘उलटी’ हा शब्द कोणी नाक मुरडून उच्चारत नसे. तो तिथला मानाचा शब्द होता. तिथे रोलर कोस्टरचे रूळ बनत, आणि रुळाचा जो तुकडा माणसाचे पाय वर आणि डोकं खाली करतो त्याला तिथली माणसं उलटी म्हणत. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "उलट्या किती?" आणि मालकीणबाई खुर्चीत ताठ होऊन सांगणार, जागेत मावतील तेवढ्या देऊ, तुम्ही फक्त हो म्हणा. एकदा कचेरीत नवीन बाई लागली. पहिल्याच सकाळी तिने फोन उचलला, पलीकडून भारदस्त आवाजात विचारणा झाली की उलट्या किती आहेत. ती बिचारी म्हणाली, "एकही नाही हो, मी अगदी बरी आहे." ते गिऱ्हाईक हातचं गेलं, पण कारखान्याला वर्षभर पुरेल एवढं हसू ठेवून गेलं.

हाच शब्द एक दिवस घरच्या माणसाच्या मानेवर बसणार आहे, हे तेव्हा हसणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार.

पीळदादा त्या कारखान्यात रूळ आखायचा. उंचीने बेताचा. बेताचा म्हणजे मोठ्या टेबलावर नकाशा पसरला की पलीकडची कड गाठायला त्याला पायाखाली पेटी लागे, आणि ती पेटी कोणी हलवली तर दिवसभर त्या माणसाशी अबोला. पीळदादा हे नाव त्याला दोन वाटांनी मिळालं होतं. एक तर रुळाला पीळ घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसरी वाट सांगायची तर कारखान्यातली माणसं नुसती म्हण अर्धी म्हणत, "सुंभ जळला तरी..." आणि त्याच्याकडे बघून गप्प बसत.

पण त्याला त्याच्या कामाबद्दल बोलताना ऐकावं. जेवणाच्या सुट्टीत नवा वेल्डर त्याच्या शेजारी बसला की डबा निवलाच म्हणून समजा. लूप, म्हणजे रुळाची उभी कोलांटी, ती लांबून गोल दिसते. पीळदादा विचारायचा, गोल म्हणजे कशी? वेल्डर म्हणायचा, बांगडीसारखी. मग दादा खूश व्हायचा, कारण त्याला चुकीचंच उत्तर हवं असे. बांगडीसारखी केली तर सपाट रुळावरून आलेली गाडी तळाशी एकदम वळणात शिरते आणि माणसाचं डोकं धोंड्यासारखं जड होतं. पूर्वी कोणी कोणी तशा केल्या आणि लोक माना चोळत उतरले. म्हणून लूप थेंबासारखी करायची, नळाच्या तोटीला लोंबणारा थेंब. खाली ऐसपैस, वर निमुळती. वळण हळूहळू वाढवत न्यायचं, बाळाला झोळीत घालतात तसं माणसाला त्यात घालायचं. मग माथ्यावर उलटा लटकला तरी माणूस आसनाला चिकटून राहतो. भरलेली बादली गरगर फिरवली तर पाणी सांडतं का? नाही ना, मग माणूस कसा सांडेल?

"माणसाला कळता कामा नये की आपण उलटे झालो," तो म्हणायचा. "उतरल्यावर खालच्यांनी सांगितलं पाहिजे." हे त्याचं आवडतं वाक्य. पुढे त्यालाच ते गिळताना जड गेलं.

आता ताई. पीळदादाची थोरली बहीण. अंगाने सडसडीत आणि उंचीने अशी की दारातून आत येताना ती सवयीनेच वाकायची, दार कितीही उंच असो. लहानपणी गल्लीतली पोरं तिला शिडी म्हणायची. त्या शिडीचा खरा उपयोग एकट्या पीळदादाला झाला. गर्दीत कुठे काही बघण्यासारखं असलं, तमाशा, भांडण, आग विझवायची गाडी, की ताई त्याला उचलून खांद्यावर घ्यायची. जगातलं जे काही त्याने पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या डोक्यावरून पाहिलं. त्या वेळी तिच्या मानेला दोन्ही हातांनी विळखा घालून बसायचं, हे त्याच्या अंगवळणी होतं.

नवरा गेल्यावर ताई याच कारखान्यात शिवणखात्यात लागली. रोलर कोस्टरच्या आसनांच्या गाद्या तिथे शिवत. खांद्यावरून छातीवर उतरणारा जो दांडा माणसाला जागेवर धरून ठेवतो, त्याला कारखान्यात मिठी म्हणत, आणि मिठीचं अस्तर शिवावं ते ताईनेच. ती जाड सुई घेऊन बसली की कातड्याला सुद्धा वाटावं, आपण मलमल आहोत. सगळा कारखाना तिला ताईच म्हणे, मालकीणबाईसुद्धा. ती मात्र भावाला चारचौघांत दादा आणि एरवी बुटक्या म्हणायची. तिने म्हटलेलं त्याला चालायचं. दुसऱ्या कोणाची टाप नव्हती.

तर गावाबाहेरच्या मोठ्या बागेसाठी नवा रोलर कोस्टर बसवायचा होता. उलट्या तीन. पहिली लूप. दुसरी कोलांटी घेऊन मागे परतणारी. आणि तिसरा पीळ. तो पीळदादाच्या डोक्यातून निघालेला, आजवर कोणी इतका घट्ट घातला नव्हता.

पिळात गाडी सरळच जाते, पण रूळ दोरखंडासारखा स्वतःभोवती वळलेला असतो, त्यामुळे गाडी जाता जाता एक पूर्ण गिरकी घेते. आता गिरकी कशाभोवती घ्यायची, यात सगळी मख्खी आहे. रुळाभोवती घेतली तर वर बसलेला माणूस केरसुणीच्या टोकासारखा फेकला जातो. म्हणून रूळच माणसाच्या छातीभोवती फिरवायचा. छाती जागच्या जागी, बाकी जग तिच्याभोवती फिरून येतं. या छातीतून जाणाऱ्या न दिसणाऱ्या रेघेला ते लोक छातीची रेघ म्हणत, आणि पीळ काढायला बसलं की आधी ती रेघ ठरवावी लागे.

या वेळी आसनं नव्या घडणीची होती, खोलगट. जुनी मापं उपयोगाची नव्हती. एक आसन घोडीवर ठेवलं, आणि छाती कुठे येते ते खडूने खुणावायचं ठरलं. पीळदादा स्वतःच चढून बसला. मिठी खाली ओढली आणि म्हणाला, मार खूण. गाडी चालवणारा तिथेच उभा होता. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण गाडी सुटायच्या आधी भोंगा वाजवायचं काम त्याचं, आणि त्याचा आवाजही तसाच. तो आपल्या परीने हळू म्हणाला, आणि त्यामुळे सगळ्या खात्याला ऐकू गेलं, "दादा, तुमची छाती आमच्या पोटाशी येते. कोणी उंचही बसवून बघा."

लोक हसले. पीळदादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला ठाऊक होतं की भोंग्याचं म्हणणं बरोबर आहे. आधी उंच, मग मध्यम, मग ठेंगणा, असं बसवून मधली रेघ काढायची पद्धत त्यानेच घालून दिली होती. पण त्या हसण्यावर उतारा म्हणून तो म्हणाला, "छाती छातीच्या जागी असते. मार खूण." आणि खूण मारली गेली. वर आणखी त्याने पिळात शिरायची वाट आखूड केली, का तर पीळ एका हिसक्यात बसला पाहिजे, बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे.

रूळ उभा राहिला. आधी पाण्याचे बुधले माणसांच्या जागी बांधून गाडी सोडली. धक्का मोजायचं यंत्र बुधल्यांना बांधलं होतं, पण नेमकं छातीच्या रेघेवर. तिथे तर सगळं निवांतच असणार. वादळाच्या मधोमध दिवा लावावा आणि म्हणावं, वारा कुठे आहे?

मग माणसं बसवायची वेळ आली. पहिल्या माणसांत ताई होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, माझी गादी मी बसून बघणार, टाका कुठे टोचतो ते बसल्याशिवाय कळत नाही. पीळदादा त्या वेळी कारखान्यात होता. बाहेरगावचे दोन पाहुणे गिऱ्हाईक म्हणून आले होते आणि मालकीणबाईंच्या खोलीत तो त्यांच्यापुढे या पिळाचेच गोडवे गात होता. फोन वाजला. बागेतून भोंगा बोलत होता. मागे वारा, गाडीचा खडखडाट. भोंगा म्हणाला, "दादा, ताई उतरल्या. त्रास झालाय त्यांना. म्हणतात, त्याला सांग, तिसरी उलटी फार वाईट आहे."

आता इथे नीट ऐकावं, कारण पीळदादानेही नीट ऐकलं होतं. पोटातली उलटी जी असते ती ‘झाली’ म्हणतात, ‘होते’ म्हणतात. ती काही ‘आहे’ म्हणून मागे राहत नाही. आणि ‘तिसरी वाईट’ असं पोटातलीबद्दल कोण बोलतं? ‘आहे’ म्हणजे रुळावरची. हे त्याच्या कानाला पापणी लवायच्या आत समजलं. जन्मभर तो शब्द वापरलेला माणूस तो. पण समोर पाहुणे होते, त्यांच्या पुढ्यात नकाशा होता, आणि नकाशावर त्याचं बोट त्याच पिळावर टेकलेलं होतं. एका वाक्यातून दोन अर्थ चालत आले, आणि त्याने सोयीचा तेवढा आत घेतला.

तो मोठ्याने हसला. "आमची ताई," पाहुण्यांना म्हणाला, "तीन उलट्या झाल्या म्हणे तिला. आम्ही तीन दिल्या, तिने तीन परत केल्या, हिशेब चुकता." खोलीत हशा पिकला. फोनमध्ये तो म्हणाला, साखरपाणी द्या आणि घरी सोडा. भोंगा काहीतरी सांगू पाहत होता, "नाही दादा, ओकल्या नाहीत, मान..." एवढं ऐकू आलं. मग पीळदादाने फोन ठेवला. तुटला नाही. ठेवला.

विनोदाला पाय फार. संध्याकाळपर्यंत तो शिवणखात्यात पोहोचला. ताईला लोक ‘तीन परत’ म्हणू लागले. कातडं आणून देणारा म्हणे, एक गठ्ठा देतो, तीन परत करू नका. ताई मान डाव्या अंगाला किंचित कलती धरून, गळ्याभोवती जाड फडकं गुंडाळून शिवत राही. बोलावलं की सगळी वळे, खुर्चीसकट. तेही लोकांना विनोदीच वाटलं. आणि हा विनोद भोंग्यानेच पसरवला, असं तिने मनाशी धरलं, कारण बागेत तोच होता. तिने भोंग्याशी बोलणं टाकलं. भोंगा एकदा पीळदादाकडे आला, दारात उभा राहिला, म्हणाला, "दादा, मी तसं बोललोच नव्हतो." पीळदादा पट्टी पुसत राहिला आणि म्हणाला की बायकांचं असंच असतं, दोन दिवसांनी विसरतील. भोंगा ‘बरं’ म्हणाला आणि गेला. एवढा मोठा आवाज असलेला माणूस इतकं हळू ‘बरं’ म्हणू शकतो, हे पीळदादाला नवीन होतं.

त्यानंतर त्याचं जेवण सुटलं नाही, झोपही उडाली नाही. गुन्हा असा कथेतल्यासारखा अंगावर येत नाही. तो बारीक खड्यासारखा वहाणेत शिरतो. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला आठवण. पेटीवर चढून नकाशाकडे बघायला गेलं की बोट आपोआप पिळापासून दूर जाई. बायकोने एकदा वाढताना सहज विचारलं, "अहो, ताईंच्या मानेचं काय झालंय हो? गाडीत काही लागलं का?" तर तो एवढ्यांदा ‘काही नाही’ म्हणाला की तिच्या हातातला डाव थांबला. तिने पुढे विचारलं नाही. तिच्या न विचारण्यानेच त्याला वाटलं, हिला कळलंय.

शेवटी तो ताईच्या घरी गेला. एक खोली, एक ओटा, खिडकीशी शिलाईचं यंत्र. ती उशीला टेकून बसली होती, तो बाजूला बसला तर तिला त्याच्याकडे बघता येईना. तो उठून समोर बसला. त्याने मनात वाक्य जुळवून आणलं होतं. ते ओठांशी आलं, तेवढ्यात तीच बोलली.

"भोंग्याने तुला सांगितलं होतं ना रे, तिसरीचं?"

"सांगितलं होतं."

"मग तू बघितलंच असशील," ती म्हणाली. "तुझ्या रुळात असतं तर तू सोडलं नसतंस. माझीच मान जुनी झाली. तुला वाहून वाहून झिजली असेल, बुटक्या." आणि हसली. हसताना दुखलं असावं, कारण हसू मध्येच थांबलं.

त्याने आणलेलं वाक्य घशात उलटं फिरलं. तिने त्याला चोर म्हटलं असतं, शिवी दिली असती, तर तो लगेच कबूल झाला असता. पण ती त्याच्यावर विश्वास टाकून मोकळी झाली होती. तो म्हणाला, शेक घेत जा. दुसरं काय म्हणणार?

निघताना ती म्हणाली की एक गोष्ट तिने ठरवलीय. बाग उघडायच्या दिवशी पहिल्या गाडीत पहिल्या आसनावर ती बसणार. मालकीणबाईंना सांगून झालंय, त्या खूश आहेत, कारखान्यातली बाई पुढे बसली की लोकांची भीड चेपेल. "तीन परत, तीन परत करतात ना," ती म्हणाली, "एकही परत न करता उतरून दाखवते." तो म्हणाला, कशाला गं, मान दुखतेय. ती म्हणाली, "मानासाठीच बसतेय."

घरी परतताना त्याने ठरवलं, सकाळी मालकीणबाईंना सांगायचं. सकाळी त्या फोनवर होत्या. दुपारी पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःला समजावलं की एकदा बसल्याने काही होत नाही, तिला आता ठाऊक आहे हिसका कुठे आहे, ती धरून बसेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की वकीलही तोच, न्यायाधीशही तोच, आणि पट्टेवालाही तोच, निकाल लागायला वेळ लागत नाही. फक्त तो निकाल टिकत नाही. तो रात्र आणि सकाळ यांच्या मध्ये कुठेतरी विरायचा आणि पीळदादा पुन्हा खटला उघडायचा.

असं करता करता बाग उघडायचा दिवस उजाडला. ऊन चांगलं होतं. फाटकापासून फलाटापर्यंत माणसांची रांग, पोरं बापांच्या खांद्यांवर. पीळदादाची नजर नको तिथे गेली, एका लांबलचक बाईच्या खांद्यावर एक ठेंगणा मुलगा तिच्या मानेला विळखा घालून बसला होता. पीळदादा जिना चढून, भोंगा जिथून गाडी सोडायचा त्या चौकीत जाऊन उभा राहिला. भोंग्याने त्याला जागा दिली.

ताई पुढच्या आसनावर बसली. गळ्याचं फडकं तिने मुद्दाम काढून ठेवलं होतं. मिठी खाली आली. स्वतः शिवलेल्या अस्तरावरून तिने हात फिरवला, टाका बघावा तसा. आणि पीळदादाला दिसलं, मिठीच्या वर तिचं डोकं केवढं उंच येतंय. त्याने मारलेली खूण तिच्या पोटाच्या जरा वर होती. छातीची रेघ म्हणून जी आखली होती ती तिच्या छातीला लागतच नव्हती. रेघ जागच्या जागी राहील, तिच्याभोवती ताईचं धड फिरेल, आणि डोकं गोफणीतल्या दगडासारखं. हे गणित त्याला कागदाशिवाय येत होतं. फोन ठेवला त्या दिवशीही येत होतं.

भोंग्याने भोंगा दिला. बोट बटणाकडे नेलं.

"थांब," पीळदादा म्हणाला.

भोंग्याचं बोट हवेत राहिलं.

"थांब रे. मिठ्या उघड."

फलाटावर गलका झाला. मालकीणबाई हातात फुलं घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच वर आल्या. काय झालं म्हणून विचारलं. जे वाक्य इतके दिवस पीळदादाने दाबून ठेवलं होतं तेच जसंच्या तसं बाहेर आलं. "तिसरी उलटी फार वाईट आहे."

"कोणाला झाली?" मालकीणबाईंनी वळून बघितलं. "अरे पाणी आणा कोणीतरी."

पीळदादाला त्या क्षणी रडावं की हसावं ते कळेना. त्याने चौकीची कड धरली. खाली ताई मिठीतून मोकळी होऊन उभी राहिली होती आणि अख्खी वळून वर बघत होती. भोंग्याचा बोलायचा कर्णा चालूच होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, त्यामुळे पुढचं जे बोलणं झालं ते सगळ्या बागेने ऐकलं.

"ताईला झालेली नाही," तो म्हणाला. "तिला कधीच झाली नव्हती. ती उलटी माझी आहे. मी आखलेली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भोंग्याने शब्दाला शब्द कळवलं होतं. विनोद मी केला."

मालकीणबाईंच्या हातातली फुलं हळूहळू खाली आली. त्या हिशेबी बाई होत्या पण वाईट नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं, रूळ कापावा लागेल का. तो म्हणाला, लागेल. त्या खाली गेल्या आणि लोकांना घरी जायला सांगू लागल्या. पोरं भोकाड पसरून परतली. 

ताई जिना चढून वर आली. चौकीच्या दारात सवयीने वाकली, आणि वाकताना तिचा चेहरा पिळवटला. ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

इथे ‘आत्ता’ म्हणायची सोय होती. ‘आत्ता, तुला आसनात बसलेली बघितलं तेव्हा’, हे शोभूनही दिसलं असतं, आणि ताईने मानलंही असतं. तिला त्याचं सगळं मानायची सवय होती. भोंगा शेजारी बटणांकडे बघत उभा होता.

"फोनवरच," पीळदादा म्हणाला.

ताईने हातातलं फडकं उलगडलं आणि गळ्याला गुंडाळलं. सावकाश, पदर खोचावा तसं टोक आत खोचलं. मग ती भोंग्याकडे वळली, पायापासून वळावं लागलं तिला, आणि म्हणाली, "तुझ्यावर उगाच राग धरला रे मी." भोंगा म्हणाला, "असू दे ताई." भावाकडे न वळता ती जिना उतरून गेली.

पीळ कापला. नवा घालायच्या आधी घोडीवर आसन पुन्हा चढलं. या वेळी उंच माणूस कोण बसवायचं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. ताई स्वतःहून शिवणखात्यातून आली, बसली, मिठी ओढली. पीळदादाने खडू हातात घेतला. तिच्या छातीशी खूण करायला त्याने पेटी मागितली नाही, टाचा उंचावल्या. भोंगा मागे उभा होता, आज कोणी हसलं नाही. शिरायची वाटही पीळदादाने लांबवली, थेंबाच्या बुडासारखी. नव्या पिळातून लोक उतरले तेव्हा म्हणाले, काही कळलंच नाही. पूर्वी हे ऐकायला तो मुद्दाम फलाटावर उभा राहायचा. आता चौकीच्या मागच्या बाजूने निघून जाऊ लागला.

कारखान्यात त्याने फर्मान काढलं, यापुढे रुळावरच्या उलटीला उलटी म्हणायचं नाही, पालथ म्हणायचं. कोणी ऐकलं नाही. गिऱ्हाईक अजून उलट्याच विचारतं. फक्त फोनवर कोणी ‘उलटी वाईट आहे’ म्हणालं की आता कारखान्यातलं कोणीही आधी विचारतं, "पोटातली की रुळावरची?" आणि उत्तर येईपर्यंत कोणी फोन ठेवत नाही.

ताईची मान बरीचशी बरी झाली, पुरती नाही. बाजूने हाक मारली तर ती अजून सगळी वळते. भावाशी बोलायला तिने बराच काळ घेतला, आणि बोलली तेव्हा शेंगा निवडता निवडता एवढंच म्हणाली, "बुटक्या, दिव्याआड येऊ नकोस, उजेड सोड." त्याने उजेड सोडला.

तेव्हापासून त्याची एक सवय लोकांना दिसते. ताईशी काही बोलायचं असलं तर तो तिला मागून किंवा बाजूने हाक मारत नाही. ती शिवणखात्याच्या त्या टोकाला तोंड करून बसलेली असली तर हा कातड्याच्या गठ्ठ्यांतून, यंत्रांच्या मधून, सगळा वळसा घालून तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो आणि मग बोलतो. काम ‘कात्री दे’ एवढंच असलं तरी. ताईने त्याला कधी तसं कर म्हणून सांगितलं नाही. नको करूस, असंही म्हटलेलं नाही.